तुझ्या कॅप्सूलचा जिवंत पुरावा

दादा,

माणूस गेला की लोक लिहितात, ‘अजून विश्वास बसत नाही.’ माझा बसला आहे. दीड महिना झाला. वैकुंठ स्मशानभूमीत तुला पोचवून आलो, दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर उन्हात उभा राहिलो, तेराव्याला पानात वाढलेलं सगळं जेवलो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने तू गेलास, एकोणसत्तराव्या वर्षी गेलास, आणि जाताना सगळी चूक आपलीच झाली असं समजून गेलास. चूक तुझी होतीच. पण सगळी तुझी नव्हती, आणि उरलेली कोणाची हे तुला कोणी सांगितलं नाही. ते सांगायला मी, तुझा धाकटा भाऊ, हे लिहायला बसलो आहे. ऐकून घ्यायची तुला सवय नव्हती. आता इलाज नाही.

तुझ्याबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ निघाले. शनिवारवाड्यासमोर सकाळी फिरणाऱ्या तुमच्या मंडळींनी ग्रुपवर तुझा हार घातलेला फोटो टाकला आणि खाली ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलं. तू पिंपरीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतास. ऋषी नट-बोल्ट मोजून देत असतील तर माझी काही हरकत नाही. मला तू होतास तसाच आठवतोस. हट्टी, व्यवस्थित, प्रेमळ, आणि चारचौघांत माणसाचा पाणउतारा करण्यात पटाईत.

अण्णांना हाच आजार झाला तेव्हा मी बावीसचा होतो, तू अठ्ठावीसचा. ऑपरेशननंतर त्यांच्या पोटाला पिशवी लावली होती. नर्सने पांघरूण बाजूला केलं, मला ती पिशवी दिसली आणि मी तिथेच आडवा झालो. तू मला उचललंस, तोंडावर पाणी मारलंस, बाहेर नेऊन लिंबू सरबत पाजलंस. त्या सरबताबद्दल मी तुझा ऋणी आहे. पण पुढची चाळीस वर्षं तू ती गोष्ट सांगत राहिलास. माझ्या साखरपुड्याला सांगितलीस, माझ्या सासऱ्यांना सांगितलीस, मी रिटायर झालो त्या समारंभातही सांगितलीस. “आमचा सुध्या म्हणजे शूरवीर! बाप कॉटवर आणि हा फरशीवर.” लोक हसायचे. मीही हसायचो, कारण हसलो नसतो तर तू दुसरी सांगितली असतीस.

अण्णा गेल्यावर माझं कॉलेज सुटू नये म्हणून तू स्वतःचं संध्याकाळचं कॉलेज सोडलंस, हेही खरं आहे. ते तू कधी कोणाला सांगितलं नाहीस. मला वहिनीकडून कळलं, तेही माझ्या लग्नानंतर. तुझी ही एक मोठी अडचण होती. तुझ्यावर नीट चिडताही यायचं नाही.

रिटायर झालास आणि तुझ्या हाताला काम राहिलं नाही. पेन्शनरांचा संघ झाला, योगासनं झाली, सोसायटीच्या जिन्यात पाट्या लावून झाल्या. मग एक दिवस तुझ्या वाचनात आलं की वनस्पतींच्या अर्कांनी आतड्याचा कॅन्सर टळतो. कुठे वाचलंस ते विचारू नये. मोबाइलवर आलं होतं. पण त्या दिवसापासून तुला स्टोअर परत मिळालं. हळदीचा अर्क, मिरी, जवस, त्रिफळा, लसणाची पूड, ग्रीन टीचा अर्क आणि वाळवलेल्या ब्रोकोलीची भुकटी. ब्रोकोली, दादा! आपल्या घरात फ्लॉवरसुद्धा नाक मुरडून खाल्ला जायचा. तू रिकाम्या कॅप्सूल मागवल्यास, शंभर भोकांची ती प्लॅस्टिकची पाटी मागवलीस, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर कारखाना मांडायला लागलास. भोकांत अर्ध्या कॅप्सूल उभ्या करायच्या, वर भुकटी पसरायची, जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने ओढून सारखी करायची, टोपणं दाबायची. बरणीवर टाइप केलेलं लेबल: ‘आंत्ररक्षक. सकाळी दोन, रात्री दोन. रिकामी बरणी धुऊन, कोरडी करून परत द्यावी.’

कोणाकडून एक पैसा घेतला नाहीस. तुझ्या मनात लबाडी नव्हती हे मी कुठेही सांगेन. लबाडी असती तर तू निदान स्वतःसाठी खरा डॉक्टर गाठला असतास.

पहिली बरणी माझी असायची. “आपल्या दोघांना जास्त गरज आहे. आपण अण्णांचे,” असं म्हणून तू ती हातात ठेवायचास. मी अकरा दिवस घेतल्या. लसणाच्या ढेकरांनी ऑफिसात लोक दोन खुर्च्या सोडून बसायला लागले. बाराव्या दिवसापासून कॅप्सूल उघडून भुकटी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायला लागलो. नको म्हणालो असतो तर तुझं तासभराचं भाषण ऐकावं लागलं असतं, म्हणून नको म्हणालो नाही. बरणी मात्र दर महिन्याला धुऊन, कोरडी करून परत द्यायचो. वहिनी आमच्याकडे आली की माझ्या बायकोला म्हणायची, “काय गं ललिता, कढीपत्ता तुमचा, अख्ख्या पेठेत असा नाही!” ललिता तिला दोन डहाळ्या काढून द्यायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. माझी नोकरी तेव्हा लोणी काळभोरच्या कॉलेजच्या कचेरीत होती. तिथल्या तपासणी शिबिरात एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणाला कॅन्सर होता का. मी अण्णांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुमची आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी आजवर झाली कशी नाही? मी तुझ्या कॅप्सूलबद्दलही बोललो, उगाच, बघावं काय म्हणतात म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “भाज्या खा, कडधान्यं खा, कोंड्यासकट पोळी खा, त्याचा फायदाच आहे. पण आत गाठ वाढायला लागली असेल तर ती भुकटी बघून मागे फिरत नाही. ती बघून काढावी लागते.” इतकं सरळ वाक्य मी आपल्या घरात पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं.

तपासणी तिकडेच करून घेतली. मुद्दामच. कसबा पेठेत केली असती तर संध्याकाळपर्यंत तुला तीन माणसांनी येऊन सांगितलं असतं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं पाणी पीत मी घरी बसलो होतो आणि नेमका तुझा फोन आला. ललिताने सांगितलं, ह्यांचं पोट बिघडलंय. अर्ध्या तासात तू चार जादा कॅप्सूल घेऊन दारात. मी संडासात, तू बाहेरच्या खोलीत. आतून ऐकत होतो. “डोस चुकवला असणार ह्याने. वेंधळा आहे.” तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलेला दिसलो आणि तू सगळ्या मंडळींना सांगितलंस की सुध्याचा जुलाब आंत्ररक्षकने एका दिवसात थांबला.

त्या तपासणीत माझ्या आतड्यात गाठ निघाली, दादा. वाटाण्याएवढी. तिथल्या तिथे तारेने कापून काढली. मला दुखलंही नाही. पुढे तिचा कॅन्सर होऊ शकला असता, आता होणार नाही, दर तीन वर्षांनी येऊन दाखवत जा, असं त्यांनी सांगितलं. आणि मग विचारलं, “सख्खी भावंडं?” मी म्हटलं, एक मोठा भाऊ. “त्यांना आजच सांगा. त्यांचीही व्हायला हवी.” मी मान हलवली. रिपोर्टमध्ये शेवटच्या ओळीत तेच लिहिलं होतं. ती फाइल मी जुन्या स्वेटरांच्या ट्रंकेत ठेवली.

मी अजिबात प्रयत्न केला नाही असं नाही. आठवडाभराने सकाळी तुझ्याबरोबर फिरायला आलो. तुझी मंडळी बाकावर बसली होती. मी म्हटलं, “दादा, आपण दोघांनी एकदा आतड्याची तपासणी करून घेऊ या का?” तू माझ्याकडे बघितलंस, मग मंडळींकडे बघितलंस. “ऐकलंत का? ह्याला मागून कॅमेरा घालून घ्यायचाय! अरे, फोटो काढायचाच तर आधी समोरून काढ, चांगला नाही आला तर मग बघू.” सगळे हसले. एकाला तर ठसका लागला. मग तू अण्णांच्या कॉटची आणि फरशीची गोष्ट सांगितलीस.

मी तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. ‘मी केली, मला गाठ निघाली.’ ते बोललो नाही.

का नाही बोललो, याला मी इतकी वर्षं बरीच नावं दिली. तुझं मन मोडेल, तुला धक्का बसेल, वहिनी काळजी करेल. सगळं खोटं. मला तुला चुकलेलं बघायचं होतं. मरताना नाही, फक्त चुकलेलं. कधीतरी तुझं हे सगळं फसेल, सगळ्यांसमोर तोंडावर आपटशील, आणि मग मी ट्रंकेतून फाइल काढून तुझ्यासमोर ठेवीन. शांतपणे, एक शब्दही न बोलता. त्या दिवसाची मी वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर वाट बघायला मजा येत होती. तू खांद्यावर हात ठेवून नव्या माणसाला सांगायचास, “हा माझा धाकटा. बाप एक, रक्त एक. इतकी वर्षं कॅप्सूल घेतोय, काही झालंय का विचारा. जिवंत पुरावा आहे!” तो माणूस कौतुकाने माझ्याकडे बघायचा. मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, बोल दादा, बोल.

आपला एकच वाद अर्धवट राहिला. तू म्हणायचास, जे झाडाला येतं त्याने अपाय होत नाही. मी म्हणायचो, धोतराही झाडालाच येतो. त्यावर तू म्हणायचास, “तू कारकुनी कर, हे तुझं काम नाही.” पुढे बोलणं जायचंच नाही. मला ते पुढे न्यायचंही नव्हतं.

गेल्या वर्षी तुझं पोट उतरलं. पँट कमरेला सैल झाली तेव्हा तू ती सगळ्यांना ओढून दाखवलीस. “बघा, या वयात!” मला ते बघून बरं वाटलं नव्हतं. शौचातून रक्त जात होतं, हे तू वहिनीलासुद्धा चार महिने सांगितलं नाहीस. मूळव्याध समजलास आणि चाराच्या सहा कॅप्सूल केल्यास. जिन्यात चक्कर येऊन पडलास तेव्हा तुझ्या अंगात रक्त उरलं नव्हतं आणि गाठ यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, घरात आणखी कोणाला? तू म्हणालास, “वडिलांना. ह्याला काही नाही.” मी तिथेच उभा होतो. तो दिवस आला होता, दादा, ज्याची मी वाट बघत होतो. फाइल घरी ट्रंकेत होती, रिक्षाने वीस मिनिटांवर. मी चहा आणायला गेलो.

मग ती दुपार. वहिनी डबा आणायला गेली होती. खोलीत आपण दोघंच.

“सुध्या, तू घेतोस ना रे?”

“घेतो की.”

“रोज चार?”

“रोज चार.”

“मग तुला काही नाही आणि मला कसं?”

तू छताकडे बघत राहिलास. मला वाटलं, आता तुझ्या लक्षात येणार. पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, हिशोबात काय खोटं आहे ते तुला दिसणार. तुला दिसलंही, पण भलतंच. “प्रमाण चुकलं माझं,” तू म्हणालास. “भुकटी हलवली की जड असतं ते खाली बसतं. तुझी बरणी मी पहिली भरायचो, तिच्यात सगळं बरोबर गेलं. माझी शेवटची. मला नुसता तळ मिळाला.” आणि माझा हात धरून म्हणालास, “बरं झालं. तुझी तरी पहिली होती.”

दादा, तू एवढा चांगला का वागलास त्या दिवशी? एक टोमणा मारला असतास, फरशीची गोष्ट काढली असतीस, तर मी बोललो असतो. रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं असतं. तू हात धरलास आणि मी तोंड मिटून बसलो.

शेवटचे तीन आठवडे तू नवीन प्रमाण बसवण्यात घालवलेस. मॉर्फिनच्या गुंगीतही मुग्धाला लिहून घ्यायला लावायचास. मिरी पाव चमचा जास्त. दर शंभर कॅप्सूलनंतर भुकटी पुन्हा चाळायची. तळाची चिमूटभर टाकून द्यायची. तुझी मुलगी, एक्केचाळीस वर्षांची, खराडीत कंप्युटरवर दहा माणसं सांभाळणारी, वहीत ते सगळं लिहून घेत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, अमेयला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजोबा आणि वडील, दोघांनाही झाला आहे, तुम्ही दोघांनी तपासून घ्या. अमेय म्हणाला, नागपूरला परत गेलो की बघतो. मुग्धाने तारीख घेतली. मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो, न बोलताच काम झालं.

आता घाटावरचं सांगतो. तू तिथे होतास की नाही मला माहीत नाही. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पिंपळावर सात-आठ बसले होते, एकही खाली येईना. अमेय म्हणाला, “बाबा, आईला मी नागपूरला नेईन.” कावळे हलले नाहीत. वहिनी म्हणाली, “मी रडणार नाही.” नाही हलले. तुझ्या फिरायच्या मंडळींपैकी एकाने सांगितलं की आम्ही आंत्ररक्षक चालू ठेवू. त्यावर एका कावळ्याने फक्त मान वळवली. गुरुजींच्या मागे आणखी दोन घरं थांबली होती. त्यांनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. तेवढ्यात मुग्धा पुढे झाली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, “बाबा, मी ती तपासणी करणार नाही. तुमचंच औषध घेईन, नवीन प्रमाणाचं. तुमची शपथ.”

आणि कावळा आला. सरळ, एकदम. चोच मारली, भात उचलला. बायका रडायला लागल्या, सगळ्यांनी हात जोडले. कोणीतरी म्हणालं, “बघा, जीव त्यातच अडकला होता.” मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. माझ्या हाताशी दगड होतेही.

संध्याकाळी मुग्धाने तारीख रद्द केली. चौदाव्या दिवशी तुमच्या घरी गेलो तर टेबलावर ती पाटी, ती भुकटी, ती लग्नपत्रिका. ती वहीत बघून बघून कॅप्सूल भरत होती. मला बघून उठली आणि बरणी माझ्या हातात ठेवली. “काका, पहिली तुझी. बाबा तुलाच आधी द्यायचे ना. तू आहेस म्हणून मला धीर आहे. तुझ्याकडे बघूनच मी शपथ घेतली.”

मी बरणी घेऊन घरी आलो. ललिता दारातच म्हणाली, “ही आता कुठल्या कुंडीत?” मग माझ्या तोंडाकडे बघून आत गेली. रात्रभर मी हिशोब मांडत होतो, कोणत्या शब्दांत सांगितलं तर मी कमी वाईट दिसेन. एकही शब्द तसा सापडला नाही. सकाळी ट्रंक उघडून फाइल काढली आणि परत तुमच्याकडे गेलो.

मुग्धाने पहिलं पान बघितलं, तारीख बघितली. परत तारीख बघितली. फाइल माझ्याकडे सरकवून म्हणाली, “शेवटची ओळ वाचून दाखवा.” जन्मल्यापासून ती मला ‘काका, तू’ म्हणत आली होती. मी वाचलं: ‘सख्ख्या भावंडांची तपासणी करावी, असा सल्ला दिला.’ ती म्हणाली, “मोठ्याने. आईला आत ऐकू जाऊ दे.” मी परत वाचलं. मग कढीपत्त्याचं सांगितलं. बाकावरच्या हसण्याचंही सांगितलं, तर ती म्हणाली, “ते नका सांगू. माझे वडील चेष्टा करायचे हे मला माहीत आहे. चेष्टेने माणूस मरत नाही.”

वहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. दोन कप होते. एक मुग्धासमोर ठेवला, दुसरा स्वतः घेऊन बसली. बशीत ओतून शांतपणे प्यायली. चाळीस वर्षांत त्या घरातून मी चहा न घेता उठलो नव्हतो.

शपथेचं मुग्धाच्या मनातून जाईना. तिने गुरुजींना फोन लावला, सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, “ताई, अकरा वाजून गेले होते, कावळ्याला भूक लागली होती. तुम्ही तपासून घ्या. आणि वडिलांच्या नावाने काही करायचंच असेल तर त्या भुकट्या लोकांना वाटणं बंद करा.” मग तिने नवी तारीख घेतली. तुझ्या मंडळींच्या ग्रुपवर माझा रिपोर्ट तिने स्वतः टाकला. खाली लिहिलं, ‘जिवंत पुरावा.’ बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीपासून शनिवारवाड्यासमोर माझ्याशी कोणी बोलत नाही. ज्याला ठसका लागला होता तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. सोडा. मला आता पायही दुखतात.

परवा तिची तपासणी झाली. गुंगीचं इंजेक्शन देतात म्हणून बरोबर कोणीतरी मोठं माणूस लागतं. जावईबापू कामासाठी जर्मनीत, अमेय नागपूरला, आणि हॉस्पिटलचा जिना चढायची वहिनीची अजून हिंमत होत नाही. म्हणून मला बोलावलं. “दुसरं कोणी असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता,” असं फोनवर स्पष्ट सांगितलं. मी दोन तास बाहेर बाकावर बसून होतो. देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण सारखं तुझंच नाव तोंडात यायचं. तिच्यात काही निघू नये, एवढंच मागत होतो. आणि मध्येच वाटायचं, काही निघालं नाही तर ती म्हणेल, उगाच मोडली शपथ. मी किती क्षुद्र माणूस आहे हे मला त्या बाकावर नीट कळलं.

मला तुझी फार आठवण येते, दादा. खरंच येते. सकाळी कोणी शिव्या घालत नाही. कोणी ‘वेंधळा’ म्हणत नाही. तुझ्या मागे मी आता घरातला सगळ्यांत मोठा, आणि माझं ऐकणारं कोणी राहिलेलं नाही.

तिला बाहेर आणलं तेव्हा ती शुद्धीवर होती, चेहरा उतरलेला. डॉक्टर मागून आले. दोन गाठी निघाल्या, दोन्ही काढल्या, तपासायला पाठवल्यात, पण दिसायला साध्या वाटतात, वेळेवर आलात. मग कागद लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, “सख्खी भावंडं?”

“एक भाऊ आहे,” मुग्धा म्हणाली.

“त्यांना सांगा.”

डॉक्टर गेले. मी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही. पर्समधून मोबाइल काढला, अमेयला लावला, आणि माझ्या बाजूला धरून स्पीकर चालू केला.

“अम्या, ऐक. माझ्यात दोन गाठी निघाल्या, काढल्या, मी ठीक आहे. सुधीरकाकालाही नऊ वर्षांपूर्वी निघाली होती, त्यानेही काढून घेतली. बाबांचं औषध तो कधी घेतच नव्हता. तुझी तपासणी या आठवड्यात झाली पाहिजे. तारीख घे आणि मला कळव.”

अमेय म्हणाला, “बरं ताई. आत्ताच घेतो.”

तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

“एवढंच बोलायचं होतं, काका,” ती म्हणाली. “नऊ वर्षांत.”